सही कधी पास, कधी नापास: बूटलोडरमधली सिग्नेचर तपासणी भरवशाची कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मायक्रोकंट्रोलरवर बूटलोडर, म्हणजे चालू होताना सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, आहे. नवीन फर्मवेअर आधी बाहेरच्या एसपीआय फ्लॅशमध्ये (वेगळ्या मेमरी चिपमध्ये) उतरते, मग रीसेट होतो आणि बूटलोडर त्याचा एसएचए-२५६ हॅश (इमेजचा ३२ बाइटांचा ठसा) काढून ईसीडीएसए पी-२५६ ही डिजिटल सही पब्लिक कीने तपासतो. तक्रारी दोन आहेत. काही उपकरणे अस्सल फर्मवेअर अधूनमधून नाकारतात आणि पुन्हा रीसेट केले की तेच फर्मवेअर निमूटपणे घेतात. शिवाय, क्वचित एखादे बिल्ड सगळीच उपकरणे नाकारतात. त्याच बिल्डवर पुन्हा सही केली की चालते. यावर टीममध्ये दोन उपाय निघाले आहेत: तपासणी तीनदा करायची आणि एकदा जरी पास झाली तरी पुढे जायचे, नाहीतर ईसीडीएसए सोडून आरएसए या दुसऱ्या सही-पद्धतीवर जायचे.

माझ्या मते दोन्ही नकोत. सही करताना यादृच्छिक संख्या लागू शकते, पण तपासताना काहीच यादृच्छिक नसते. तोच हॅश, तीच सही आणि तीच पब्लिक की दिली तर उत्तर कितीही वेळा विचारा, तेच येणार. उत्तर बदलत असेल तर त्या तिघांपैकी कशाचे तरी बाइट बदलले आहेत, किंवा हिशेब चालू असताना त्याच्या कामाच्या मेमरीवर दुसऱ्या कोणीतरी लिहिले आहे. अल्गोरिदम बदलून यातले काहीच दुरुस्त होत नाही. आणि तुमच्या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एका कारणाने दोन्ही सुटतील या आशेवर राहिलात तर दोन्ही लांबतील.

सगळ्यात आधी बूटलोडरला बोलता करा. बहुतेक बूटलोडर नापास झाल्यावर फक्त 'सही अवैध' एवढेच सांगतात आणि गप्प बसतात. त्याऐवजी प्रत्येक नापास वेळी इमेजची लांबी, काढलेला ३२ बाइटांचा पूर्ण हॅश, सहीची लांबी आणि तिचे सगळे बाइट, लायब्ररीने परत केलेला कोड आणि रीसेटचे कारण, एवढे सीरियल पोर्टवर छापा. पोर्ट नसेल तर रीसेटमध्ये न पुसल्या जाणाऱ्या रॅमच्या तुकड्यात ठेवा आणि अॅप सुरू झाल्यावर तिथून उचला. यात गुप्त काहीच नाही. सही, हॅश, पब्लिक की या तिन्ही गोष्टी शत्रूला माहीत आहेत असे धरूनच ही पद्धत बनलेली आहे. 'सिक्युरिटीचा लॉग छापू नका' हा नियम इथे विनाकारण लावला जातो. मग हाच हॅश पीसीवर मूळ फाइलवरून काढा आणि शेजारी ठेवून बघा. हॅश जुळत नसेल तर दोष वाचण्यात आहे, क्रिप्टोकडे बघायचीही गरज नाही. हॅश जुळूनही सही नापास होत असेल तर दोष सहीच्या बांधणीत, कीमध्ये किंवा रॅममध्ये आहे. एवढ्या एका तुलनेने निम्मे शोधकाम संपते.

आता दुसरी तक्रार आधी घेतो, कारण तिचे उत्तर जवळजवळ लिहूनच दिल्यासारखे आहे. ईसीडीएसएची सही म्हणजे आर आणि एस या दोन संख्या, प्रत्येकी २५६ बिटांच्या. कच्च्या रूपात ३२ अधिक ३२, म्हणजे नेहमी ६४ बाइट. पण ओपनएसएसएलसारखी साधने सही डीईआर (प्रत्येक संख्या तिच्या लांबीसकट मांडायची प्रमाणित पद्धत) स्वरूपात देतात, आणि डीईआरमध्ये पूर्णांकाला चिन्ह असते. संख्येचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर ती ऋण वाटू नये म्हणून पुढे शून्याचा एक बाइट लागतो आणि ती ३३ बाइटांची होते. उलट, वरचे बाइट नुसतेच शून्य असतील तर ते गाळावे लागतात आणि संख्या ३१ बाइटांची किंवा त्याहून लहान होते. म्हणून सहीची एकूण लांबी बहुतेक वेळा ७०, ७१ किंवा ७२ बाइट येते, आणि कधीमधी ६९ किंवा कमी.

३३ बाइटांची अडचण पहिल्याच दिवशी सापडते, कारण प्रत्येक संख्येबाबत ती निम्म्या वेळा समोर येते. प्रत्येक जण पुढचा शून्य काढून टाकणारी ओळ लिहितो आणि खूश होतो. ३१ बाइटांची अडचण मात्र लपून राहते. त्यासाठी संख्येचे वरचे ९ बिट शून्य असावे लागतात, म्हणजे ५१२ मध्ये एकदा. आर आणि एस दोन्ही धरले तर साधारण २५६ सह्यांमध्ये एक. अशा वेळी कोड ३१ बाइट ३२च्या बफरमध्ये डावीकडून भरतो. खरे तर ते उजवीकडे सरकवून पुढे शून्य ठेवायला हवे. डावीकडून भरल्यामुळे संख्या एका बाइटने सरकते, म्हणजे २५६ पट होते, आणि सही कोणत्याच उपकरणावर पास होत नाही. पुन्हा सही केली की नवीन यादृच्छिक संख्या, नवीन आर आणि एस, आणि सगळे सुरळीत. तुमचे लक्षण अगदी हेच आहे. (तुमचे साधन आरएफसी ६९७९प्रमाणे, म्हणजे यादृच्छिक संख्येऐवजी मजकूर आणि कीवरून काढलेली संख्या वापरून, सही करत असते तर पुन्हा सही करूनही तेच बाइट आले असते, आणि मग लोक बिल्डमध्ये एक रिकामी ओळ घालून 'नशीब' बदलत बसतात.)

उपाय म्हणून डीईआर उलगडणारा कोड अधिक हुशार करू नका, तो बूटलोडरमधून काढूनच टाका. सही करणाऱ्या पीसीवरच आर आणि एस काढून ६४ बाइटांत बसवा आणि बूटलोडरने नेमके ६४ बाइट घ्यावेत. ६३ किंवा ६५ दिसले तर तिथेच नकार. बाहेरून आलेला, अजून विश्वास न ठेवलेला डेटा उलगडणारा कोड बूटलोडरमध्ये जितका कमी तितके बरे, हा फायदा वेगळाच. रूपांतराचा कोड पीसीवर चालवून त्याला ५,००० सह्या द्या. त्यात लहान संख्यांच्या वीसेक सह्या आपोआप येतील. पाच-दहा सह्यांवर तपासून 'चालते' म्हणणे म्हणजे हा दोष ग्राहकाकडे पाठवणे.

पहिली तक्रार जास्त खोल आहे. इथे मला एक तपशील हवा आहे: 'रीसेट केल्यावर चालते' म्हणजे नेमका कोणता रीसेट? मायक्रोकंट्रोलरचा रीसेट, की वीज काढून पुन्हा दिली? या दोन्हीतून वेगवेगळे गुन्हेगार सापडतात.

नुसत्या रीसेटने चालत असेल तर माझा पहिला संशय एसपीआय फ्लॅशच्या 'व्यस्त' बिटावर आहे. अॅपने शेवटचे पान लिहायची आज्ञा दिली आणि चिपचे काम संपायची वाट न बघता रीसेट मारला. पान लिहायला सहसा एखादा मिलिसेकंद पुरतो, पण त्याच्या मागेपुढे सेक्टर पुसायची आज्ञा असेल तर दहा-वीसपासून काहीशे मिलिसेकंद लागू शकतात. चिप व्यस्त असताना वाचायची आज्ञा ती जुमानत नाही, आणि डेटालाइनवर जे काही दिसेल ते बूटलोडर इमेज समजून हॅशमध्ये ओततो. दुसऱ्या रीसेटपर्यंत चिप मोकळी झालेली असते, म्हणून सगळे नीट. इलाज दोन ओळींचा आहे: बूटलोडरने काहीही वाचण्याआधी स्टेटस रजिस्टर वाचून व्यस्त बिट उतरेपर्यंत थांबायचे, आणि त्यालाही वेळेची मर्यादा ठेवायची.

उलट, नुसत्या रीसेटने नापास होते आणि वीज काढून दिली की चालते असे असेल तर चिपचा मोड बघा. १६ एमबीपेक्षा मोठ्या फ्लॅशला ४ बाइटांचा पत्ता लागतो. अॅपने चिपला त्या मोडमध्ये टाकले आणि नंतर फक्त मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला, तर चिप त्याच मोडमध्ये राहते. बूटलोडर ३ बाइट पाठवतो, चिप चौथ्याची वाट बघते आणि पुढचे सगळे एका बाइटने घसरते. क्वाड मोडचेही (चार डेटालाइन वापरायच्या मोडचेही) तसेच. त्यामुळे बूटलोडरने सुरुवातीला चिपला तिची स्वतःची रीसेट आज्ञा द्यावी. बऱ्याच उत्पादकांच्या चिपमध्ये ती ६६ आणि ९९ या हेक्स आज्ञांची जोडी असते. मग चिपचा ओळख क्रमांक वाचून अपेक्षित आहे का बघावे. क्रम मात्र सांभाळा: आधी व्यस्त बिट उतरू द्या, मग रीसेट आज्ञा द्या. लिहिणे चालू असताना चिप रीसेट केली तर ते पान अर्धवट राहते आणि एक दोष घालवताना दुसरा घरात घेतला जातो.

हे दोन्ही नसेल तर डीएमए (प्रोसेसरविना डेटा हलवणारे हार्डवेअर) आणि कॅश (प्रोसेसरचा जलद तात्पुरता साठा) यांच्याकडे वळा. कॉर्टेक्स-एम७मध्ये डेटा कॅशची ओळ ३२ बाइटांची असते. डीएमएने फ्लॅशमधून रॅममध्ये आणलेले बाइट कॅशला कळत नाहीत. प्रोसेसर जुनेच वाचतो आणि हॅश चुकतो. त्यासाठी कॅश अवैध करायला हवी, पण बफर ३२च्या सीमेवर सुरू होत नसेल तर शेजारच्या व्हेरिएबलची ताजी किंमतही त्याच फटक्यात पुसली जाते. म्हणून बफर ३२च्या सीमेवर आणि ३२च्या पटीत. एसटीएम३२एच७वर बफर डीटीसीएममध्ये (प्रोसेसरला थेट जोडलेल्या रॅममध्ये) पडला असेल तर साधे डीएमए तिथे पोचतच नाही, हेही लक्षात ठेवा. लिंकरने बफर कुठे ठेवला ते मॅप फाइलमध्ये एकदा बघून घ्या. बूटलोडरपुरती कॅश बंदच ठेवणे हा उपाय मला कमीपणाचा वाटत नाही. हॅशला थोडा वेळ जास्त लागेल, एवढेच.

आणि एक असा दोष, जो प्रयोगशाळेत सहसा दिसतच नाही: अर्धवट लिहिलेले किंवा अर्धवट पुसलेले फ्लॅश सेल. लिहिताना वीज गेली की काही सेलमध्ये चार्ज मधल्याच पातळीवर राहतो. असा बिट एकदा १ वाचला जातो, पुढच्या वेळी ०. तापमान आणि व्होल्टेज बदलले की उत्तरही बदलते. तिथला सेक्टर पूर्ण एफएफ दिसत असला तरी तो नीट पुसला गेला आहे असे धरू नका. डाउनलोड अर्धवट तुटले असेल तर तो सेक्टर पुन्हा पुसूनच लिहा, 'जिथे थांबलो तिथून पुढे' करताना निदान शेवटचा सेक्टर तरी. अंतर्गत फ्लॅशला ईसीसी (चूक ओळखणारे जादा बिट) असलेल्या कंट्रोलरवर असा शब्द वाचताना अपवादच उठतो आणि बूटलोडरमध्ये त्याला हँडलर नसेल तर उपकरण तिथेच अडकते. लॉगमध्ये हे 'सही नापास' म्हणून येणारच नाही, त्यामुळे रीसेटच्या कारणाची नोंद हवी असे वर म्हटले.

कायम नापास होणाऱ्या प्रकारांपैकी दोन जाता जाता सांगतो, कारण त्यांच्यामागे दिवस वाया जातात. हेक्स फाइलमधल्या रिकाम्या जागा बायनरी करताना काही साधने शून्याने भरतात आणि पुसलेल्या फ्लॅशमध्ये तिथे एफएफ असते. त्यात एसटीएम३२एल० आणि एल१ मालिकेत पुसलेली फ्लॅश शून्य वाचली जाते, म्हणजे नियम उलटा. भरण कशाने करायचे ते साधनाला स्पष्ट सांगा आणि त्याच फाइलवर सही करा जी उपकरणात जाते. दुसरे, डीबगर जोडून फ्लॅशमध्ये सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट लावलात तर तो तिथली सूचना खरोखर बदलतो. सही नापास झालीच पाहिजे, तपासणी आपले काम चोख करते आहे.

समजा हॅश दर वेळी बरोबर आहे, सहीचे बाइटही बरोबर आहेत, आणि तरी अधूनमधून नापास. मग स्टॅक मोजा. पी-२५६च्या गुणाकारांना बरीच तात्पुरती जागा लागते. बूटलोडरला सवयीने १ केबी स्टॅक दिलेला असतो. तो काठोकाठ पुरत असेल आणि हिशेब सर्वांत खोल असताना नेमका इंटरप्ट आला, तर स्टॅक खालच्या व्हेरिएबलवर चढतो. इंटरप्ट त्या क्षणी आला नाही तर काहीच होत नाही. सुरुवातीला स्टॅक ठरावीक नमुन्याने भरून ठेवा, तपासणी झाल्यावर किती नमुना शिल्लक आहे ते बघा, आणि ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की पुन्हा मोजा.

वॉचडॉगचेही (वेळेत खूण न मिळाल्यास चिप रीसेट करणाऱ्या घड्याळाचेही) बघा. स्वतंत्र वॉचडॉग बहुधा आतल्या आरसी ऑसिलेटरवर चालतो आणि तो ढिला असतो: एसटीएम३२एफ१च्या डेटाशीटमध्ये तो ४० किलोहर्ट्झचा, पण ३० ते ६०च्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. ४० धरून १ सेकंदाची मुदत ठेवलीत तर ६०वर चालणाऱ्या चिपमध्ये ती ०.६७ सेकंदच उरते. सॉफ्टवेअरने केलेली तपासणी ०.७ सेकंद घेत असेल, तर काही ठरावीक उपकरणेच अपडेटच्या मध्यावर रीसेट होतील आणि 'बूटचा प्रयत्न फसला' एवढेच मोजले जाईल. मुदत सर्वांत वेगवान ऑसिलेटर धरून ठरवा.

आता तीनपैकी एकदा पास या कल्पनेबद्दल. शत्रूची इमेज पुन्हा पुन्हा तपासल्याने पास होत नाही, तेवढ्यापुरते ते निरुपद्रवी वाटते. पण जी फ्लॅश तीनपैकी दोनदा चुकीची वाचली गेली, त्याच फ्लॅशमधून प्रोसेसर पुढे सूचना उचलणार आहे. पास झालेल्या वाचनातले बाइट आणि चालणारे बाइट एकच आहेत याची खात्री कोणी दिली? शिवाय व्होल्टेजला झटका देऊन तपासणीचा निकाल उलटवू पाहणाऱ्याला तुम्ही प्रत्येक बूटमागे तीन संधी देता. पुन्हा वाचायचेच असेल तर एसपीआयचा वेग कमी करून इमेज रॅममध्ये किंवा अंतर्गत फ्लॅशमध्ये आणा, हॅश त्या प्रतीचा काढा आणि चालवायचीही तीच प्रत. बाहेरच्या चिपमधली प्रत तपासून नंतर पुन्हा तिथूनच वाचून चालवणे, यातल्या मधल्या फटीत चिप बदलता येते.

भरवशाची दुसरी बाजू तुमच्या प्रश्नात आलीच नाही: चुकीचे फर्मवेअर कधीही पास होऊ नये. नापास झाल्याची तक्रार ग्राहक करतो. चुकून पास झाल्याची तक्रार कोणीच करत नाही. निन्टेंडोच्या वी कन्सोलमध्ये हॅशची तुलना मेमसीएमपीऐवजी स्ट्रएनसीएमपीने केली होती. ते फंक्शन शून्याचा बाइट दिसला की थांबते. म्हणजे सगळी शून्ये असलेली सही दिली आणि ज्याच्या हॅशचा पहिला बाइट शून्य आहे असा मजकूर शोधला, जो सरासरी २५६ प्रयत्नांत सापडतो, की तुलना पहिल्याच बाइटवर 'समान' म्हणून संपते. २०२२मध्ये जावाच्या १५ ते १८ आवृत्त्यांत निघालेला दोष त्याच्याच कुळातला: आर आणि एस दोन्ही शून्य असलेली ईसीडीएसए सही कोणत्याही मजकुराला आणि कोणत्याही कीला वैध ठरत होती, कारण दोन्ही संख्या १ ते एन वजा १ (एन म्हणजे या सही-पद्धतीतली ठरलेली मोठी संख्या) या मर्यादेत आहेत का हे तपासलेच जात नव्हते. तुमची छोटी लायब्ररी हे तपासते का, ते कोड उघडून बघा.

त्याहून साधी गफलत परतीच्या कोडची. एमबेड टीएलएस ही क्रिप्टो लायब्ररी यशाला ० परत करते. मायक्रो-ईसीसी यशाला १ देते. ओपनएसएसएल १ देते, ० म्हणजे सही चूक, आणि ऋण संख्या म्हणजे वेगळीच अडचण; 'शून्य नाही म्हणजे पास' असे लिहिले की ती अडचणही पास होते. लायब्ररी बदलली आणि अट तशीच राहिली, तर खरी इमेज नापास आणि खोटी पास. पहिला भाग लगेच दिसतो, मग कोणीतरी घाईत अट उलटी करतो आणि ऋण कोडचा विचार राहून जातो. नेमक्या यशाच्या किमतीशी तुलना करा आणि बाकी सगळे नकारात जाऊ द्या. झटक्यांची भीती असेल तर ० आणि १ ऐवजी ज्यांच्यात बरेच बिट वेगळे आहेत असे दोन मोठे स्थिरांक वापरा आणि निर्णय दोनदा तपासा. मात्र कंपायलर दुसरी तपासणी अनावश्यक समजून उडवतो, म्हणून डिसअसेंब्ली बघितल्याशिवाय ती आहे असे म्हणू नका. एमसीयूबूट या मायक्रोकंट्रोलरसाठीच्या खुल्या बूटलोडरमध्ये यासाठी तयार पातळ्या आहेत, त्या वापरल्या तर हे हाताने लिहावे लागत नाही.

हेडर सहीच्या आत आहे का, हेही बघा. लांबी, लोड करायचा पत्ता, आवृत्ती हे सहीच्या बाहेर राहिले तर कोणीही अस्सल जुन्या इमेजवर नवा आवृत्ती क्रमांक चिकटवेल. एमसीयूबूट हेडर, इमेज आणि संरक्षित टीएलव्ही (इमेजच्या मागे जोडलेल्या माहितीच्या नोंदी) या सगळ्यांचा हॅश घेते. शेवटचे असंरक्षित टीएलव्ही त्यात नसतात, म्हणून स्वतःची माहिती घालताना ती कोणत्या भागात जाते त्याकडे लक्ष हवे. लांबी मात्र सही तपासण्याआधीच वापरावी लागते, तेव्हा ती स्लॉटच्या आकारात बसते का हे पहिल्या ओळीतच तपासा, आणि बेरीज करताना ३२ बिट ओलांडले जाणार नाहीत अशा रीतीने.

आरएसएबद्दल थोडक्यात: २०४८ बिटांच्या आरएसएची तपासणी ६५५३७ या घातांकामुळे सॉफ्टवेअरमध्ये ईसीडीएसएपेक्षा बरीच लवकर होते, सही मात्र २५६ बाइटांची. बूटचा वेळ ही तुमची अडचण असती तर मी तो पर्याय विचारात घेतला असता. पण त्यात पॅडिंगची (हॅशभोवती भरायच्या ठरावीक बाइटांची) वेगळी खोच आहे. २००६मध्ये ब्लाइखेनबाखर यांनी दाखवले की पॅडिंग सैलपणे उलगडणारा कोड आणि घातांक ३ असला, तर खाजगी की नसतानाही सही बनवता येते. आरएसए घेतलेच तर जुन्या पीकेसीएस १.५ पॅडिंगचे बाइट उलगडत बसू नका. अपेक्षित असलेला पूर्ण ब्लॉक स्वतः तयार करा आणि सरळ बाइटला बाइट लावून बघा.

चाचण्यांसाठी वाइचप्रूफ हा खुला संच घ्या. त्यात ईसीडीएसएच्या काठावरच्या किमती आहेत: शून्य, एनइतकी, एनपेक्षा मोठी, वेडीवाकडी डीईआर. त्या पीसीवर नव्हे, प्रत्यक्ष बोर्डवर चालवा, कारण हार्डवेअर प्रवेगक शब्दांचा क्रम उलटा मागतो तिथेच घोळ होतो. मग एक अस्सल इमेज घेऊन तिच्या प्रत्येक बाइटमधला एकेक बिट उलटवत जा. सहीच्या कक्षेतल्या सगळ्यांना नकार मिळालाच पाहिजे, आणि एखादा बिट उलटूनही इमेज पास झाली तर तो बाइट सहीबाहेर का आहे याचे उत्तर तुमच्याकडे हवे. रिलेने वीज तोडणारा जिग लावून डाउनलोडच्या मध्ये यादृच्छिक क्षणी वीज काढा आणि रात्रभर चालू द्या. अर्धवट सेलचा दोष टेबलावर पकडायचा हाच मार्ग मला माहीत आहे.

उत्पादनाच्या लाइनवर एक तपासणी मात्र कधीच वगळू नका. एमसीयूबूटच्या भांडारात नमुन्याच्या खाजगी की सगळ्यांसाठी उघड्या ठेवलेल्या आहेत, आणि चाचणीची की तशीच उत्पादनात जाणे ही काल्पनिक गोष्ट नाही. २०२४मध्ये 'पीकेफेल' या नावाने समोर आलेल्या प्रकरणात 'विश्वास ठेवू नका' असे स्पष्ट लिहिलेली चाचणी की अनेक संगणकांच्या फर्मवेअरमध्ये सापडली. म्हणून तयार झालेल्या प्रत्येक तुकडीतल्या उपकरणावर नमुन्याच्या कीने सही केलेली इमेज मुद्दाम पाठवा. उपकरणाने ती घेतली तर त्या तुकडीचे पॅकिंग तिथेच थांबवा.